संसारांतील हंसूं

नवरा-बायकोनें चारचौघांत एकमेकांशीं बोलणें हाच जेथें अविनय समजला जाई, त्या आपल्या जुन्या एकत्र कुटुंबांत थट्टेला मात्र एक वाट मोकळी ठेवलेली होती. पतीचें नांव एरवीं ओठांवर आणावयाचें नाहीं; 'इकडची स्वारी', 'इकडून सांगणें झालें' असा सारा कारभार. पण मंगळागौरीला किंवा हळदीकुंकवाला उखाण्याची पाळी आली, कीं तेंच नांव सासूनणंदांच्या देखत यमकांत गुंफून घ्यावयाचें, आणि तेंही शक्य तों खट्याळपणें! दोन जीवांतील संकोच हंशानें वितळतो, हें त्या पिढीला कोणा मानसशास्त्रज्ञानें शिकविलें नव्हतें.

तथापि सर्वच विनोद संसाराला मानवतो असें नाहीं. आमच्या नात्यांतील एक गृहस्थ मोठे विनोदी म्हणून प्रसिद्ध होते. पंक्तीला पाहुणे असले, कीं पत्नीच्या माहेरावर, तिच्या शिक्षणावर, आमटींतल्या मिठावर त्यांची कोटी ठरलेली. पंगत पोट धरून हंसे. वाढणारी माउलीही हंसे. पुढें कित्येक वर्षांनीं तिनें माझ्या मातोश्रींना सांगितलें, "पंगत उठली कीं मी कोठीच्या खोलींत जाऊन उगीच डबे पुन्हां पुन्हां लावीत बसें." गृहस्थ दुष्ट नव्हते हो! पण स्वतःवर केलेला त्यांचा एकही विनोद कोणाला आठवत नाहीं.

याच्या उलट उदाहरण पाहावयाचें असेल, तर वाचकभगिनींनीं लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' पुन्हां एकदां उघडावीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक कवि म्हणून थोर. पण संसाराला महा अवघड पुरुष. शीघ्रकोपी, विसराळू, हातचें देऊन टाकणारे, न सांगतां घराबाहेर पडणारे! 1895 सालीं त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हां तर संसारच दुभंगला. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन कित्येक वर्षें वेगळ्या राहिल्या. त्या काळचें दुःख त्यांनीं लपविलेलें नाहीं. तरीही पुस्तक मिटल्यावर मनांत रेंगाळतें तें त्यांचें हंसणें.

याचें कारण, मला वाटतें, असें कीं त्यांच्या कथनांत पहिली फजिती त्यांची स्वतःची असते. आपलें भोळेपण, आपली जेमतेम अक्षरओळख, आपलें सोंवळें, सर्वांना त्या आधीं हंसून घेतात. मग टिळकांची पाळी. त्यामुळें पतीच्या रागलोभाचे आणि विसराळूपणाचे किस्से वाचून टिळक आपल्या नजरेंत उतरत नाहींत, उलट जवळचे वाटूं लागतात. विनोदानें त्यांचा वियोग टळला असें म्हणणें धाडसाचें होईल. धर्माचा प्रश्न कोटीनें सुटत नसतो, आणि रिकामा डबाही तिनें भरत नाहीं. पण परत येण्याची वाट कटुतेनें बुजली नाहीं, आणि त्या परत आल्या.

टिळक 1919 सालीं वारले. त्यांचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीं पुढें चालविलें. 'स्मृतिचित्रें' प्रसिद्ध होऊं लागलीं तीं 1934 सालीं. ज्यांची थट्टा करावयाची, ते उत्तर द्यावयाला उरले नव्हते. तरी त्या लिहितात, तें टिळक पलीकडच्या खोलींत बसून ऐकत आहेत आणि आतां उठून भांडावयाला येतील अशाच थाटानें.