चंदी किती, चारा किती?

माथेरानच्या घोड्याला सुटीच्या हंगामात दिवसभर काम असतं, पावसाळ्यात फारसं नसतं. खुराकही त्या हिशेबानेच बदलायला हवा.

• आधी चारा : रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा. म्हणजे ३०० किलोच्या घोड्याला साडेचार ते सहा किलो वाळलेलं गवत.

• मग चंदी : हरभरा, कोंडा कामापुरताच. घोड्याचं जठर लहान असतं. एकदम तोबरा भरून दिला तर पोटशूळ उठू शकतो. चंदी दोन-तीन वेळांत विभागून द्यावी.

• बरगड्या चाचपा : हात फिरवताना त्या बोटांना लागाव्यात, पण डोळ्यांना दिसू नयेत. मानेच्या वरच्या कडेला चरबीचा टणक पट्टा लागला, तर चंदी आवरा. घोड्याची अंगलट जोखणाऱ्या १९८३च्या हेनेके मापनात १ म्हणजे अस्थिपंजर, ९ म्हणजे अतिलठ्ठ. ५च्या आसपास उत्तम.

• बदल सावकाश : नवा खुराक ७ ते १० दिवसांत थोडा थोडा वाढवावा.

• तरीही वाळतोय? चंदी वाढवण्याआधी पशुवैद्यांकडून दात आणि जंत तपासून घ्या. दाढांना धारदार टोकं आली, की घोडा गवत अर्धवट चावून तोंडातून गोळे टाकतो.