कर्करोगात हलक्या व्यायामाचे मोल

कर्करोगाच्या उपचारांत बहुतेक रुग्णांना छळणारा त्रास म्हणजे थकवा. रात्रभर झोपूनही तो जात नाही. रक्तक्षय, शरीरातील दाह, मंदावलेली भूक, झोपमोड अशी त्याची अनेक कारणे असतात. सतत पडून राहिल्याने त्यात भरच पडते. स्नायू झडतात, दम लवकर लागतो आणि जिना चढणेही जड जाते.

हे दुष्टचक्र हलक्या व्यायामाने मोडता येते. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने जमवलेल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये त्याचे प्रमाण सुचवले: आठवड्यातून तीनदा अर्धा तास चालण्यासारखा मध्यम व्यायाम आणि दोनदा स्नायूंना बळ देणारे व्यायाम. दोन-तीन महिन्यांत थकवा, चिंता व नैराश्य कमी होते. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, ही मध्यम वेगाची खूण. अशक्त रुग्णाने पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात केली तरी चालते.

स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर खांदा आखडतो. त्यासाठी भिंतीसमोर उभे राहून बोटे हळूहळू वर सरकवत नेण्याचा व्यायाम शिकवतात. काखेतील लसिकाग्रंथी काढल्यावर हाताला सूज येण्याची भीती असते, म्हणून पूर्वी वजन उचलूच नका, असे सांगत. मात्र देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवल्यास सूज बळावत नाही, हे २००९ मधील एका अमेरिकी चाचणीने दाखवले.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात तर आयुर्मानावरही परिणाम दिसला. कॅनडाच्या पुढाकाराने झालेल्या ‘चॅलेंज’ चाचणीत शस्त्रक्रिया व केमोथेरपी झालेले ८८९ रुग्ण होते. २०२५ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम करणाऱ्या गटात आठ वर्षांनंतरचे जगण्याचे प्रमाण सुमारे ९० टक्के, तर केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्या गटात सुमारे ८३ टक्के होते. अर्थात व्यायाम ही उपचारांना जोड आहे, पर्याय नव्हे.

पथ्येही आहेत. ताप, छातीत दुखणे, चक्कर किंवा रक्तस्राव असल्यास व्यायाम थांबवून डॉक्टरांना कळवावे. प्लेटलेट फार कमी असल्यास किंवा कर्करोग हाडांत पसरला असल्यास कोणते व्यायाम चालतील, हे डॉक्टरांनी ठरवावे. पायांना मुंग्या येत असतील तर तोल सांभाळावा. पांढऱ्या पेशी घटल्या असताना गर्दीची व्यायामशाळा टाळावी.

पुढच्या तपासणीला जाताना औषधांसोबत व्यायामाविषयीही डॉक्टरांना जरूर विचारावे.