खाज थांबली, गजकर्ण नाही

त्वचेची लेखमाला : भाग सातवा

गेल्या आठवड्यात घामोळ्यांविषयी लिहिताना जांघेतलं गजकर्ण मुद्दाम बाजूला ठेवलं होतं, कारण त्याला स्वतंत्र जागा हवी. सुरुवात आपल्या ओल्या शिवारापासून करू. पूर्णा नदीवर येलदरी धरणाच्या खाली सिद्धेश्वर धरण झालं आणि त्याच्या कालव्यांनी हिंगोली, परभणी, नांदेडच्या शिवारात पाणी नेलं. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, हळद उभी राहिली. पण पाणी देणारा माणूस तासन् तास ओल्या कपड्यांत उभा असतो, जलाशयात जाळं टाकणारा दिवसभर भिजलेला असतो, आणि फाल्गुन-चैत्रात हळद शिजवणारा उन्हात उकळत्या कढईच्या वाफेत घामाने निथळत असतो. घाम, ओल आणि कातडीला कातडी घासणारी जागा, एवढं जमलं की बुरशीला दुसरं काही लागत नाही. अंगावर इतरत्र झालं तर माणूस त्याला गजकर्ण किंवा नायटा म्हणतो आणि चारचौघांत दाखवतो. जांघेत झालं तर ‘जरा खाज आहे’ एवढंच बोलून विषय मिटवतो. या मिटवण्यातच आजाराचं अर्धं बळ आहे. खाज थांबणं आणि बुरशी मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकच समजल्यामुळे हा आजार घराघरांत मुक्काम करून बसला आहे, असं माझं म्हणणं आहे.

हे पटण्यासाठी कातडीत काय चालतं ते पाहावं लागेल. गजकर्णाची बुरशी केराटिन खाते. केराटिन म्हणजे कातडीचा सर्वांत वरचा मेलेला थर, केस आणि नखं ज्याची बनलेली असतात तो पदार्थ. निरोगी माणसात ती सहसा त्याहून खोल जात नाही. मग लाली आणि खाज येते कुठून? ती येते आपल्याच शरीराच्या प्रतिकारातून. बुरशी जिथे पुढे सरकते आहे तिथे हा झगडा सर्वांत जोरात असतो, म्हणून चट्ट्याची कड उंचावलेली, लालसर आणि कोंडा सुटणारी दिसते, तर मधला भाग निवळल्यासारखा वाटतो. आता दुकानातून आणलेलं ‘खाजेचं मलम’ घ्या आणि ट्यूबवरची बारीक अक्षरं उजेडात धरून वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एखादं नाव तिथे असेल तर ते स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड शरीराचा प्रतिकार दाबतं. दोन दिवसांत लाली उतरते, खाज बसते, रात्री झोप लागते. बुरशीला मात्र रान मोकळं मिळतं. राखणदाराला गुंगी द्यायची आणि शेतात आवाज नाही म्हणून पीक सुखरूप आहे असं धरून चालायचं, तसं हे आहे. मलम थांबवलं की आग दुप्पट होते, माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो, आणि दरम्यान चट्टा जांघेतून कमरेवर, कुल्ल्यांवर, मांडीच्या मागे पसरलेला असतो. जांघेची कातडी पातळ असल्यामुळे स्टेरॉइड तिथे जास्त मुरतं. महिनोन् महिने लावल्यावर कातडी विरते, आणि बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा भेगांच्या रेघा उमटतात. त्या रेघा पुढे फिक्या होतात, पण जात नाहीत.

ही गोष्ट नवी नाही. स्टेरॉइडमुळे रूप बदललेल्या, ओळखू न येणाऱ्या गजकर्णाला ‘टिनिया इनकॉग्निटो’ हे नाव 1968 मध्येच देण्यात आलं होतं. भारतात मात्र गेल्या दहा-बारा वर्षांत त्याची साथ झाली. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने सतत पाठपुरावा केल्यावर 2018 मध्ये केंद्र सरकारने लावायची अनेक स्टेरॉइड्स ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. नियम योग्यच आहे, पण काउंटरवर नुसतं ‘खाजेचं मलम द्या’ म्हणणारं गिऱ्हाईक त्या नियमाला दररोज वळसा घालतं. यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा नाही : पूर्वी साधं मलम पंधरा दिवस लावलं की गजकर्ण जायचं, आता खऱ्या औषधानेही जात नाही, मग औषधालाच का दोष देऊ नये? उत्तर असं की बुरशीच बदलली आहे. पूर्वी आपल्याकडे ट्रायकोफायटन रुब्रम जास्त आढळायची. आता जिचा जोर आहे तिला 2020 मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असं भारतावरूनच नाव मिळालं, आणि 2023 मध्ये ती न्यूयॉर्कपर्यंत पोचल्याची नोंद झाली. टर्बिनाफिन हे औषध बुरशीच्या एका एन्झाइमला अडवून तिचं पेशीआवरण बनू देत नाही. या बुरशीच्या अनेक वाणांत त्या एन्झाइमच्या जनुकातच बदल झाला आहे, म्हणून औषध तिथे बसतच नाही. अर्धवट उपचार आणि स्टेरॉइडची मिसळ यांनी अशा वाणांना वाढायला वाव दिला, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात. तेव्हा औषध चालत नाही ही तक्रार खरी असली, तरी ती आणखी कडक मलम आणण्याचं कारण होऊ शकत नाही. ते डॉक्टरांना दाखवण्याचं कारण आहे.

डॉक्टरांकडे काय होतं? बोथट पात्याने चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून काचेवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशी विरघळतात आणि बुरशीचे फांद्या फुटलेले धागे उघडे पडतात. साधी, स्वस्त तपासणी आहे. तिची गरज अशासाठी की जांघेतली प्रत्येक खाज गजकर्णाची नसते. अंडकोशाची पिशवी लालभडक झाली, मोठ्या चट्ट्याभोवती बारीक पुळ्या उठल्या, तर ती कँडिडा नावाची दुसरी बुरशी असू शकते, आणि मग रक्तातली साखर तपासायलाच हवी. रात्री घरातले सगळेच खाजवत असतील तर खरजेचा संशय घ्यावा. गजकर्णच निघालं तर बुरशीनाशक मलम चट्ट्यापुरतं नव्हे, त्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं. पसरलेलं असेल तर टर्बिनाफिन किंवा इट्राकोनॅझोल पोटात द्यावं लागतं, पण यकृताचा किंवा हृदयाचा आजार, गरोदरपण आणि चालू असलेली इतर औषधं पाहूनच. कातडीचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात, म्हणून उपचारही किमान तेवढा हवा, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही मलम आणखी दोन आठवडे चालू ठेवायचं. हे शेवटचे दोन आठवडे बहुतेक जण सोडतात. रोजंदारी बुडवून औंढ्याला किंवा हिंगोलीला जाणं परवडत नाही, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पण राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत, आणि वर्षभर ट्यूबमागून ट्यूब आणण्याचा हिशोब मांडला तर बुडालेली एक रोजंदारी स्वस्त पडते. घरची हळद लावण्याबद्दलही इथे बोललंच पाहिजे, कारण हा वसमत हळदीचा मुलूख आहे. प्रयोगशाळेच्या काचेवर हळदीतलं कर्क्युमिन काही बुरशींना रोखतं हे खरं. जांघेतल्या घामात, घर्षणात ओला लेप तेच काम करील याला मात्र पुरेसा पुरावा नाही. लसूण, चुना किंवा रॉकेल तर कातडी भाजतात.

राहिला प्रश्न कपड्यांचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. इंग्रज शिपाई या आजाराला ‘धोबी इच’ म्हणत आणि परटाला दोष देत. पण आजारी माणसाच्या कातडीचे बारीक कण कपड्यांत, टॉवेलात, अंथरुणात पडतात आणि त्यांतली बुरशी महिनोन् महिने जिवंत राहते, मग कपडे कोणीही धुवोत. म्हणून घरात ज्यांना ज्यांना खाज आहे त्या सगळ्यांचा उपचार एकाच वेळी व्हायला हवा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा हवा. आजारी माणसाचे कपडे गरम पाण्यात, घरच्यांच्या कपड्यांपासून वेगळे धुवायला हवेत. कमरेचा काळा करदोटा घामाने कायम ओला असतो आणि त्याखाली बुरशी दडून राहते. उपचारापुरता तो काढावा, मग नवा घालावा, म्हणजे श्रद्धेलाही धक्का लागत नाही. आणि बायकांचे आतले कपडे? ते लाजेपायी साडीखाली किंवा न्हाणीत, सावलीतच वाळतात. दमटच अंगावर चढतात, आणि उन्हाचा फायदा त्यांना कधी मिळतच नाही. ज्या अंगणात हळद पसरून वाळवली जाते, त्याच अंगणातल्या दोरीवर हे कपडे उलटे करून उन्हात टाकायची मुभा घरातल्या सासूने, नवऱ्याने उघडपणे द्यावी. तेही जमत नसेल तर निदान शिवणीवरून दाबून गरम इस्त्री फिरवावी आणि पूर्ण कोरडं असेल तेच घालावं. शेतातून किंवा पाण्यातून आल्यावर अंग पुसताना जांघ शेवटी नव्हे, पावलांच्या आधी कोरडी करावी. पायाच्या बोटांमधली बुरशी त्याच टॉवेलावरून वर चढते. ती तिथे कशी घर करते आणि नखांत शिरली की महिनोन् महिने का हटत नाही, ते पुढच्या आठवड्यात.