पोटात पुन्हा येणारी गाठ

कर्करोग म्हटला की आपल्याला तोंडाचा, घशाचा आठवतो. पण तो चरबीतही होतो. त्याला सार्कोमा म्हणतात. हा रोग क्वचितच होतो.

पोटात मागच्या बाजूला, मूत्रपिंडाभोवती चरबी असते. तिथे ही गाठ धरते. तिथे जागा मोकळी, म्हणून गाठ नारळाएवढी झाली तरी पुष्कळदा दुखत नाही. पोट वाढले की लोक म्हणतात, "अंगी लागलंय!" कुणी वायगोळा समजून पोट चोळून घेतो. चोळल्याने गाठ जिरत नाही.

शेलारच्या मंडळींना आम्ही सांगतो, पोट फुगत चालले किंवा हाताला गाठ लागली, तर भिवंडीच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. मुंबईत परळला टाटा इस्पितळ आहे. तिथे १९४१ सालापासून कर्करोगावर उपचार होतात.

मुख्य उपाय शस्त्रक्रिया. गाठ अख्खी काढतात. चिकटलेले मूत्रपिंडही कधी काढावे लागते. तरी हरळीच्या मुळासारखे बारीक कण मागे राहू शकतात. त्यांतून गाठ पुन्हा उगवते, कधी दहा वर्षांनीसुद्धा.

म्हणून टाके सुकले की काम संपले, असे समजू नये. पहिली दोन-तीन वर्षे दर ३ ते ६ महिन्यांनी तपासणी करावी. पुढेही डॉक्टर सांगतील तेव्हा जावे. एका दिवसाचा रोज बुडेल, पण गाठ लहान असतानाच सापडली तर ती पुन्हा काढणे सोपे जाते.

हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रोग्याचे ताट वेगळे मांडू नका. आणि तपासणीचे जुने कागद, फोटो जपून ठेवा. नवे फोटो त्यांच्याशीच ताडून पाहतात.