कंबरदुखीला माप कोणते?

श्रोतेहो, तापाला थर्मामीटर आहे, धान्याला काटा आहे. कंबरदुखीला माप कोणते? एक्स-रे फोटो सगळे सांगत नाही. एकाच्या फोटोत मणक्याची झीज दिसते, तरी गडी खुशाल नांगर धरतो. दुसऱ्याचा फोटो स्वच्छ, पण त्याला खाटेवरून उठवत नाही.

म्हणून “दुखण्यामुळे तुमचे काय काय अडते?” असे विचारून उत्तरांना गुण देण्याची रीत निघाली. इंग्लंडातील दोन प्रश्नावल्या यात प्रसिद्ध आहेत. १९८० साली छापलेल्या ऑस्वेस्ट्री प्रश्नावलीत ओझे उचलणे, चालणे, बसणे, झोप असे १० भाग असून प्रत्येकाला ० ते ५ गुण आहेत. रोलंड आणि मॉरिस यांच्या १९८३ च्या यादीत २४ विधाने आहेत; लागू पडेल त्या विधानाला एक गुण. शाळेच्या उलट, इथे गुण जास्त तेवढी अडचण मोठी बरं का!

पण काटा खरा आहे की खोटा, हेही पाहावे लागते. त्याच्या तीन परीक्षा आहेत. दुखणे जैसे थे असेल, तर चार दिवसांनी विचारूनही गुण जवळजवळ तेवढेच यावेत. दम्याने चालवत नसेल, तर तो दोष कंबरेच्या खाती पडू नये. म्हणून रोलंड-मॉरिस यादीत “पाठीमुळे” हा शब्द बहुतेक विधानांना जोडला आहे. आणि रोगी सुधारला, की गुण उतरावेत. एकदोन गुणांनी मात्र हुरळून जाऊ नये. २००८ साली तज्ज्ञांनी सुचवले, की या यादीत सुमारे ५ आणि ऑस्वेस्ट्रीत १०० पैकी सुमारे १० गुण उतरले, तर सुधारणा धरावी.

चौथी परीक्षा भाषांतराची. जिना चढताना कठड्याचा आधार घ्यावा लागतो, असे एक विधान आहे. ज्या बाईच्या घराला जिनाच नाही, ती “नाही” म्हणणार. भाताच्या लावणीत वाकताना तिचा जीव कासावीस होतो, ते कुणी विचारलेच नाही! कागदावर तिचे दुखणे हलके ठरते. म्हणून शब्दाला शब्द ठेवून भागत नाही. मांडी घालणे, उकिडवे बसणे, हंडा उचलणे यांची दखल घेऊन माप इथल्या माणसांवर पुन्हा तपासावे लागते.

शिक्षकमित्रहो, एखाद्या निरक्षर रोग्याला अशी यादी वाचून दाखवण्याची वेळ तुमच्यावर आली, तर प्रश्न आहे तसाच वाचा, आणि उत्तर त्याचेच लिहा. आपले शब्द त्याच्या तोंडी घातले, की चांगला काटाही खोटे वजन दाखवतो.