नजरेसाठी शिवलेला कपडा : घेणाऱ्याचा हक्क आणि पाहणाऱ्याचा हक्क

राजगुरुनगरच्या बाजारपेठेत इतकी वर्षे कापड मोजताना एक गोष्ट ध्यानात आली. रोजच्या वापराचे कापड गिऱ्हाईक टिकाऊपणा पाहून घेते, लग्नाचे कापड मात्र लोक काय म्हणतील हे पाहून घेते. शेरवानीचे कापड अंगावर टाकून माणूस आरशात एकदा बघतो आणि सोबत आलेल्यांच्या तोंडाकडे दहा वेळा बघतो. त्या कपड्याचा भाव बराचसा या दहा नजरांचा असतो.

हे सांगण्याचे कारण असे, की चाकणच्या एका कारखान्यात नोकरी करणारा माझा भाचा सुटीच्या दिवशी दुकानात बसून मोबाइलवर खेळत होता. म्हणाला, "मामू, हा ड्रेस बघा, पाचशे रुपयांचा." मी विचारले, "कापड कुठे आहे?" तो हसला. मग म्हणाला, "पण काही खेळांत आता दुसऱ्याचा ड्रेस आपल्या पडद्यावर झाकून ठेवता येतो म्हणे. समोरच्याने माझा ड्रेस झाकला, तर माझ्या पाचशे रुपयांचे काय?"

प्रश्न पोराचा असला तरी तो व्यापाराचा आहे. म्हणून चौकशी केली. जे समजले ते व्यापारी बांधवांपुढे ठेवतो.

हा धंदा चालतो कसा?

असे बरेच खेळ फुकट मिळतात. कमाई पोशाखांवर होते. पोशाखाने खेळाडूची ताकद वाढत नाही, फक्त रूप बदलते. तरीही उलाढाल लहान नाही. 'फोर्टनाइट' या खेळाने २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत मिळून नऊ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मिळवली, हे अमेरिकेतील न्यायालयीन कागदपत्रांतून बाहेर आले. त्यात मोठा वाटा अशाच सजावटीचा होता.

आता यातले बारीक काम पाहा. पोशाख एका जागी टांगलेला नसतो. अमुक खेळाडूने अमुक क्रमांकाचा पोशाख घातला आहे एवढाच निरोप कंपनीकडून इतरांच्या मोबाइलला जातो. चित्र प्रत्येकाचा मोबाइल आपापल्या पडद्यावर काढतो. म्हणजे घेणाऱ्याने पैसे एकदा दिले, पण कपडा प्रत्येक पाहणाऱ्याच्या घरी नव्याने शिवला जातो. म्हणूनच पाहणारा म्हणू शकतो, "माझ्या पडद्यावर हा नको, साधा दाखव." घालणाऱ्याच्या पडद्यावर त्याचा पोशाख जसाच्या तसा राहतो.

झाकण्याची मागणी का?

पहिले कारण न्यायाचे. 'कॉल ऑफ ड्यूटी : वॉरझोन' या खेळात रोझ नावाच्या पात्राचा एक काळा पोशाख होता. तो घालून अंधाऱ्या कोपऱ्यात उभे राहिले की समोरच्याला माणूस दिसतच नसे. तक्रारी वाढल्यावर २०२१ मध्ये कंपनीला तो उजळ करावा लागला. नुसत्या शोभेचा म्हणून विकलेला माल प्रत्यक्षात फायदा देत होता. 'गिल्ड वॉर्स २' या खेळात यावर उपाय आहे. प्रतिस्पर्धी सगळे ठरावीक साच्यातच दिसावेत अशी निवड खेळाडूला करता येते.

दुसरे कारण आवडीचे. 'वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स' या युद्धनौकांच्या खेळात जपानी चित्रमालिकेच्या सजावटीच्या नौका आल्या. जुन्या इतिहासाच्या शौकिनांना त्या खटकल्या. कंपनीने ती सजावट आपल्या पडद्यापुरती बंद करण्याची सोय दिली. 'फोर्टनाइट'ने २०२४ मध्ये चिडवणारे काही हावभाव न पाहण्याची मुभा दिली. ते कोणाचेही दिसावेत, फक्त मित्रांचे दिसावेत की कोणाचेच दिसू नयेत, हे पाहणारा ठरवतो.

तिसरे कारण घरातले. मुलांच्या हाती मोबाइल असतो आणि काही पोशाख आईबापांना दाखवण्याजोगे वाटत नाहीत.

आपल्याकडे काय झाले?

आपल्या देशात वेगळा मार्ग निघाला. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने 'पबजी मोबाइल'वर बंदी घातली. त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीने भारतासाठी वेगळी आवृत्ती जाहीर केली. तिच्यात पात्रे सुरुवातीपासूनच कपडे घातलेली असतील आणि रक्ताच्या जागी हिरवा रंग दिसेल असे सांगितले. पुढे जुलै २०२१ मध्ये 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' आला. अठरा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तास खेळ आणि सात हजार रुपये खर्च अशी मर्यादा त्यात ठेवली. म्हणजे इथे पडदा पाहणाऱ्याच्या हाती दिला नाही, कंपनीने मालच बदलून सर्वांना दिला.

दोन्ही मार्गांत फरक आहे. कंपनी सर्वांसाठी ठरवते तेव्हा ज्याला चालत होते त्याचीही निवड जाते. पाहणारा आपल्यापुरते ठरवतो तेव्हा दुसऱ्याच्या अंगावरचे काही निघत नाही. मला दुसरा मार्ग अधिक बरा वाटतो. मात्र अगदी लहान मुलांच्या बाबतीत पहिलाच हवा, कारण त्यांनी सेटिंग शोधून बंद करावे ही अपेक्षा चुकीची आहे.

मग पाचशे रुपयांचे काय?

भाच्याची तकरार खोटी नाही. त्याने नजर विकत घेतली होती. पण दुसऱ्याची नजर विकण्याचा हक्क कंपनीला होता का? आम्ही शेरवानीचे कापड विकतो तेव्हा वरातीतले लोक पाहतीलच अशी हमी देत नाही. दोष झाकण्याच्या सोयीत नाही, विकताना ती न सांगण्यात आहे. कापडात दोष असेल तर तो थान उलगडून आधी दाखवायचा, ही आपल्या पेठेची रीत. "इतर खेळाडू हा पोशाख झाकू शकतात" एवढे वाक्य किमतीशेजारी असले तर सौदा साफ होतो.

आणखी एक गोष्ट तरुणांना सांगावी. हा कपडा आपल्या मालकीचा होत नाही. करारात बहुधा फक्त वापराची परवानगी असते. ऑक्टोबर २०२० अखेर 'पबजी मोबाइल' भारतात बंद पडला, तेव्हा लोकांचे विकत घेतलेले पोशाख कुलुपात गेले. पुढच्या वर्षी नव्या खेळात ते हलवण्याची सोय मिळाली ती कंपनीने दिली म्हणून.

कारागिरांनी मात्र हा धंदा नुसता हसण्यावारी नेऊ नये. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस' हा भारतीय धाटणीचा खेळ आणला. हिमरूची वेल कशी वळते, पैठणीचा पदर कसा पडतो, हे जाणणाऱ्या हाताची गरज पडद्यावरच्या शिलाईलाही आहे. ज्यांची मुले संगणकावर चित्रे काढतात त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

भाच्याला मी एवढेच सांगितले, "बेटा, तुला स्वतःला आवडला असेल तर पाचशे वसूल झाले. लोकांसाठी घेतला असशील, तर लोक डोळे मिटू शकतात हे आधी धरून चाल." तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने मोबाइल खिशात घालून गिऱ्हाइकाला थान उलगडून दाखवायला उठला.