पोकळीतली सुई

वाशीमहून पूर्णेकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले की हिंगोली काही फार लांब नाही. त्या जिल्ह्यातले औंढा नागनाथ ज्योतिर्लिंगामुळे घरोघरी ठाऊक आहेच. आता तेथे गुरुत्वलहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा व्हायची आहे. २०२३ साली केंद्र सरकारने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, आणि त्यांत हवा जवळजवळ नाहीच! ही पोकळी सांभाळण्याचे काम गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे आहे. तिच्याकडेच का? तर रिकामेपणा हा त्या मंडळींचा रोजचा व्यवसाय आहे म्हणून.

या संस्थेत एक पोलादी पिंप आहे. व्यास २ मीटर, लांबी ३ मीटर. एखादे लहानसे स्वयंपाकघरच म्हणा ना! त्यातली हवा उपसून थोडा वायू सोडतात आणि विजेने तो पेटवतात. हाच प्लाझ्मा. ट्यूबलाइटच्या नळीत आपण तो रोज पाहतो. त्याचे बारसे मात्र अमेरिकन शास्त्रज्ञ लँगम्यूर यांनी १९२८ साली केले. त्याची नाडी पाहण्याची सुईही त्यांचीच. टंगस्टनच्या तारेचे एक टोक, त्याला विजेचा दाब द्यायचा आणि किती प्रवाह येतो ते पाहायचे. त्यावरून इलेक्ट्रॉनांची दाटी आणि तापमान कळते.

पण सुई नेमकी कोठे आहे? खरी मेख येथेच आहे. एका इंचाच्या आत दाटी बदलते. दोन जागांतले अंतर २० मिलिमीटर मानले आणि प्रत्येक जागा दोन-दोन मिलिमीटर विरुद्ध बाजूंना चुकली, तर हिशेब एकपंचमांशाने फसला! मग उष्णता कोठून निसटते याविषयीचा सारा सिद्धांतच लटका पडायचा.

आत हात घालता येत नाही. पिंपाच्या प्रत्येक तोंडावर बाहेरच्या हवेचा दाब ३२ टनांच्या घरात असतो. म्हणून सुई लांब दांड्यावर बसवून रबरी कड्यातून आत सरकवतात. सेंटीमीटरभर जाडीच्या दांड्यालाही हवा पाऊण किलोहून अधिक जोराने आत ढकलते. पकड ढिली असली की तो आपणहून आत निघाला! शिवाय दांडा स्वतःच्या वजनाने वाकतो. लांबी दुप्पट केली की वाक सोळापट. तेव्हा बाहेरच्या मोजपट्टीवर विसंबून भागत नाही. आधी टेबलावर वाक मोजून तो हिशेबात धरावा लागतो. मोटर आत बसवावी म्हटले, तर तिची उष्णता वाहून न्यायला हवाच नाही, आणि साधे ग्रीस पोकळीत वाफ सोडते. म्हणून मोटर बाहेरच बरी.

प्लाझ्मा टिकतो काही मिलिसेकंद. एक झोत, एक नोंद. दांडा थोडा पुढे, पुन्हा झोत. असा एकेक ठिपका जोडत नकाशा तयार होतो. घाईच्या माणसाचे हे काम नव्हे.

औंढ्याला तर दांड्याचीही सोय नाही. तेथे ४० किलोचे आरसे काचेच्या तंतूंवर लोंबकळत राहतील, आणि त्यांची जागा विजेच्या बलाने, स्पर्शही न करता, राखली जाईल.